भरलेल्या डिस्कची चाचणी

“ज्याच्या कॉम्प्युटरात सगळ्यात जास्त कचरा साठलाय, त्याने आधी हात वर करावा,” असं ती एकदा भर बैठकीत म्हणाली होती, आणि एकही हात वर झाला नव्हता.

पेशाने ती लिफ्ट तपासनीस. गच्चीवरच्या मोटारखोल्यांतून ग्रीसने काळे हात घेऊन दिवसभर फिरायची आणि केबिनमध्ये पूर्ण वजन भरून वरखाली केल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. “बाई, रिकामी तर झकास चालते की,” बिल्डर वैतागायचे. “रिकामी चालवायला माझी काय गरज?” ती म्हणायची.

ते काम पोटासाठी होतं. स्वतःचं म्हणावं असं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. कुणाच्याच मालकीची नसलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम होती. हौशी लोकांनी लिहिलेली, कुणीही उघडून पाहावी, फुकट घ्यावी अशी. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी स्वयंसेवक ती आपापल्या मशीनवर चालवून बघत. कुणी काय तपासायचं, कशावर, कोणत्या क्रमाने, हे ती ठरवायची. पगार नाही, चहासुद्धा आपापला. नवरा याला फुकटची हमाली म्हणायचा आणि तिचं जेवण झाकून ठेवायचा.

मंडळी उत्साही होती, पण सगळ्यांना एकच खोड. चाचणीआधी मशीन पुसून लख्ख करायचं आणि मग त्यावर नवी आवृत्ती टाकायची. ती चालायचीच. “माणसं अशी राहत नाहीत,” ती म्हणायची. माणसं अडगळ घेऊन राहतात. अर्धवट उतरलेल्या फायली, कधीच मेलेल्या प्रिंटरचे प्रोग्राम, कुणाच्या तरी आवाजाची रेकॉर्डिंग, जी ऐकवत नाहीत आणि पुसवतही नाहीत. या सगळ्यावर नवी आवृत्ती चढवून बघायची, अशी एक चाचणी तिने नियोजनात सक्तीची केली. त्यात नापास झालं तर आवृत्ती थांबणार. मंडळींनी त्या दिवसापासून तिचं नाव अडगळताई ठेवलं.

या खेपेला ती चाचणी कुणी अंगावर घेईना. शेवटी ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. सासरे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या कॉम्प्युटरात बोट ठेवायला जागा नव्हती. ढगांचे फोटो आणि रस्त्यावरच्या बंद दिव्याबद्दल एकाच तक्रार अर्जाचे मसुदे, प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त संतापलेला.

“बाबा, तुमचं मशीन हवंय. बिघडू शकतं.”

“घे. मी तरी कुठे धड आहे.”

तिने आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि मग नवी आवृत्ती चढवायला लावली. अर्ध्यावर जागा संपली. सिस्टीमने तसं सांगितलंच नाही. जुनं पुसत गेली, नवं लिहीत गेली आणि मध्येच गप्प झाली. पुन्हा सुरू केलं तर काळा पडदा. फायली आत कुठेतरी असणार, पण साध्या माणसाला त्यांच्यापर्यंत जायचं दार सापडलं नसतं.

“गेलं का गं?” सासऱ्यांनी विचारलं.

“तुमचं सगळं आहे, बाबा. दुसरीकडे ठेवलंय.”

म्हातारा काळ्या पडद्यातल्या स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिला. “आणि ज्याची सून असं ठेवत नाही, त्याचं?”

तिने चाचण्यांच्या निकालांचा तक्ता उघडून त्या चाचणीपुढे ‘नापास’ लिहिलं.

रविवारी एका कोचिंग क्लासच्या रिकाम्या खोलीत बैठक बसली. प्रकल्पाचा प्रमुख तसा माणूस म्हणून वाईट नव्हता. वर्षभर नोकरी सांभाळून, झोप मोडून त्याने ही आवृत्ती जमवत आणली होती.

“ताई, उद्याची तारीख जाहीर झालीय. आता मागे सरलो तर हसं होईल.”

“होऊ दे.”

“एका म्हाताऱ्याच्या मशीनवर काहीतरी झालं म्हणून...”

“माझ्या सासऱ्यांच्या.”

“तेच ते. असा हजारात एखादा निघेल.”

“त्या एखाद्याला फोन करून कोण सांगणार? नंबर घेऊन ठेवलाय?”

टिपणं घ्यायला बसलेला बँकेतला कॅशियर खाली मान घालून हसला.

“दुरुस्ती पुढच्या आठवड्यात देतोच आहोत,” प्रमुख म्हणाला. “तोवर पास लिहा. विषय मिटवा.”

“ज्याचं मशीनच सुरू होत नाही, त्याला दुरुस्ती पोचवणार कशी? पोस्टाने?”

या वेळी कुणी हसलं नाही. प्रमुखाच्या कपाळावरची शीर ताठ झाली. “तुमच्या हाताला जड जात असेल तर मी लिहितो.”

तिने आपला लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. “लिहा. शेजारी तुमचं नाव, आणि कोणत्या मशीनवर चालवून पाहिलं ते. तुमचं रोजचं मशीन समोरच आहे. भरलेलं असेलच. चढवा त्यावर. मी थांबते.”

प्रमुखाच्या पडद्यावर पुढचे दात पडलेल्या मुलीचा फोटो होता. त्याने आपल्या लॅपटॉपच्या कडेवर हात ठेवला, झोपलेल्या जनावरावर ठेवावा तसा. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता.

“यात माझं सगळं आहे,” तो हळू आवाजात म्हणाला.

या वाक्यावर बोलण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ होतं. तिने फक्त तक्त्यातल्या नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं. नजरही हटवली नाही.

त्याने तिच्या तक्त्यात स्वतःचं नाव टाइप केलं. मग एकेक अक्षर मागे घेत ते पुसलं.

“तारीख पुढे ढकला,” तो कॅशियरला म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, “आणि पुढच्या आवृत्तीपासून चाचण्यांचं नियोजन दुसऱ्या कुणाकडे द्या. दर वेळी असं वेठीला धरलेलं चालणार नाही.”

“अहो, पण ताईंनी तर...”

“लिहून घ्या.”

कॅशियरने लिहून घेतलं. तिने भिंतीतली पिन काढली, वायर कोपराभोवती गुंडाळली, लॅपटॉप पिशवीत घातला. खुर्ची उचलून, फरशीवर आवाज होऊ न देता, टेबलाखाली सारली आणि खोलीबाहेर पडली.