आत्याची उतरंड

या ग्रुपवर कुणी भुताखेताचं लिहिलं की खाली हसणारी इमोजी टाकणारा मीच. सिव्हिलचा डिप्लोमा, वीस वर्षं साइटवर. भिंतीला तडा गेला तर त्याला कारण असतं आणि ते सापडतं, एवढीच माझी श्रद्धा. आज माझ्यावरच लिहायची पाळी आलीय... खुशाल हसा.

आम्ही सोलापुरात सात रस्त्यापासून पाच मिनिटांवर राहतो. पहिला मजला, रस्त्याकडेची खोली कमलआत्याची. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं गाव गेलं, तेव्हा वडील तिला इकडे घेऊन आले. त्याला तीस वर्षं होऊन गेली. वडीलही गेले, आत्या राहिली. आणि तिची उतरंड राहिली.

उतरंड म्हणजे पालथा पेला, त्यावर तांब्या, तांब्यावर वाटी. भूकंपानंतर त्या भागात घरोघरी अशी भांडी रचून ठेवत. जमीन हलली की ती पडणार, आवाज झाला की सगळ्यांनी बाहेर पळायचं. लोकांनी वर्षा-दोन वर्षांत ते सोडून दिलं. आत्यानं नाही. पेपरवाले ज्याला आफ्टरशॉक म्हणतात, त्याला तिच्या गावच्या बायका पाठराखीण म्हणायच्या. "मोठा धक्का ही नवरी. तिच्यामागनं पाठराखिणी येत्यात. त्या परत गेल्याबिगर काई संपत न्हाय," असं आत्या सांगायची.

कारण तिची आठ वर्षांची मुलगी छबी मोठ्या धक्क्यात वाचली होती. सकाळी सगळे अंगणात बसलेले, आत्याचा घसा कोरडा पडलेला. तिनं छबीला म्हटलं, काई हुत न्हाई, जा, पाणी घिऊन ये. पोरगी आत गेली आणि पाठराखीण आली.

हे सगळं मला माहीत होतं. तरी केलं.

खालून ट्रक गेला तरी उतरंड पडायची. मग आत्या ओरडायची, "भाईर चला, भाईर!" आणि आम्ही सगळे जिन्यात. पाहुणे असोत, जेवणाचं ताट पुढं असो. यंदा मुलीची दहावी होती, सराव पेपर सोडवताना पोरगी तीनदा जिन्यात उभी राहिली. माझं डोकं फिरलं. आत्या देवळात गेलेली बघून मी साइटवरचं एपॉक्सी आणलं आणि पेला, तांब्या, वाटी पक्की चिकटवून टाकली. पेला खाली फरशीलाही चिकटवला. बायको सुजाता म्हणाली, "आत्याबाईंना सांगून तरी करा." मी म्हटलं, कशाला? झोपतील तरी सुखानं.

खरंच झोपली. महिनाभर उतरंड पडली नाही. एक दिवस आत्या चहा घेता घेता म्हणाली, "गेल्या बघ समद्या पाठराखिणी. आता छबीकडं जाऊन येऊ." इतकी वर्षं तिनं गावाचं नाव काढलं नव्हतं! तिचा चेहरा असा खुलला होता, की माझी जीभच रेटेना. रेटेना कसली... मला सोयीचं होतं, म्हणून मी गप्प बसलो.

रविवारी तिला गाडीतून घेऊन गेलो. जुन्या गावठाणात आता नुसते दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी. आडावरून तिनं आपलं दार बरोबर ओळखलं. चपला काढून ती तिथं बसली, बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं आणि म्हणाली, "छबे, पाणी नगं गं आणू. म्या आणलंय. आता कायबी हुत न्हाई, ये भाईर."

मला तिच्याकडे बघवेना.

एकाएकी तिनं दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. "आली. बाळू, आली बघ!"

मला काही जाणवलं नाही. बाटलीत उरलेलं पाणी मी मुद्दाम बघितलं, हललं नव्हतं. ती म्हणाली, "घरी उतरंड पडली आसंल माजी."

"नाही पडली आत्या. पडूच शकत नाही," मी बोलून गेलो.

"का रं?"

मग सांगावंच लागलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. सुजाताचा. "अहो... ते पडलं. मी स्वयंपाकघरात होते, रस्त्यावर एक गाडी नाही. सगळं सुटं झालंय."

आत्यानं काय झालं ते विचारलं नाही. एवढंच विचारलं, "भाईर हायत का समदी?"

परत यायला मी गाडीचं दार उघडलं, पण ती बसली नाही. "मला फशीवलंस त्याचं काई न्हाय रं. पर म्या पोरीला दुसऱ्यांदा खोटं सांगितलं. तुज्यापायी." पुनर्वसनाच्या गावात तिच्या दिराचा मुलगा राहतो, ती त्याच्याकडेच राहिली. हात जोडले, पाया पडलो... ती आली नाही.

घरी येऊन बघितलं. पेल्यावर, तांब्यावर, फरशीवर एपॉक्सीचा कणसुद्धा नाही. त्याच डब्यातलं मी साइटवर वापरलंय, ते छिन्नीनं निघत नाही. त्या दिवशीची भूकंपाची नोंद शोधली, आमच्या भागात कुठेच नाही. तुमच्याकडे लॉजिक असेल तर लिहा, मी वाचेन.

आता उतरंड मी रचतो, नुसती, न चिकटवता. खालून ट्रक जातात, खिडकीच्या काचा थरथरतात, पण ती हलत नाही. त्या दिवसापासून एकदाही पडलेली नाही.

दर रविवारी आत्याला फोन करतो. ती एकच विचारते, "पडली का रं?"

मी नाही म्हणतो. खरं तेच सांगतो.

"पुन्यांदा चिकटीवलीस व्हय," म्हणते आणि फोन ठेवते.