प्रश्न सहावा: गोष्टी किती मनावर घेता?

सप्टेंबरचा पहिला शनिवार. रक्कम नऊ हजार सहाशे पौंड, तीन हप्त्यांत. हजर: मी, नवरा आणि सोळा वर्षांची मुलगी, लीड्समधल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. मी कार्डाचे आकडे दोनदा तपासले आणि पहिला हप्ता भरला. माझं वय एकोणपन्नास, पदवी कॉमर्सची. घेतलेला कोर्स मानसशास्त्राचा कन्व्हर्जन एमएससी, म्हणजे ज्यांची पहिली पदवी भलत्याच विषयाची आहे त्यांच्यासाठीचा.

"एवढ्यात नवीन बाथरूम झालं असतं," नवरा म्हणाला.

"बाथरूममध्ये बसून मी काय शिकणार होते?"

"आईला स्टुडंट डिस्काउंट मिळणार आणि मला नाही," मुलगी म्हणाली. "हे अजिबात फेअर नाहीये."

बावीस वर्षं मी पेरोलमध्ये आहे. पगारातली चूक विचारायला आलेली माणसं समोरच्या खुर्चीवर बसत आणि पाच मिनिटांनी घरचं सांगू लागत. पगाराची चूक मी सुधारून द्यायचे. बाकीच्याचं काय करायचं, ते मला येत नव्हतं. ही पदवी मिळाली तर मानसिक आरोग्य सेवेतल्या ट्रेनीच्या जागेसाठी मला अर्ज करता येणार होता. प्रबंधात नापास झाले तर नाही.

पहिलं वर्ष मजेत गेलं. वर्गातली मुलं निम्म्या वयाची. पहिल्या दिवशी त्यांनी मला प्राध्यापक समजून उपस्थितीचा कागद माझ्याकडे दिला. स्टॅटिस्टिक्स सुरू झाल्यावर मात्र माझ्या बाकाशी गर्दी व्हायला लागली. ज्या तक्त्यांना ती घाबरत, ते मला घरच्यासारखे वाटत. इतकी वर्षं मी हेच तर करत होते, फक्त त्याला कोणी सायन्स म्हणत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रबंध आला. विषय होता इथल्या मराठी ज्येष्ठांना वाटणारी काळजी. दहा प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली मी मराठीत केली. नियम असा, की दुसऱ्या कोणीतरी मूळ न पाहता मराठीचं परत इंग्रजी करायचं, आणि दोन्ही इंग्रजी जुळायला हवीत. ते काम मुलीने केलं. सहावा प्रश्न होता, "तुम्ही गोष्टी किती मनावर घेता?" तिचं इंग्रजी मुळाशी तंतोतंत जुळलं. बुधवारी ज्येष्ठ मंडळी एका हॉलमध्ये जमतात, तिथे बत्तीस जणांनी प्रश्नावली भरून दिली.

आकडे भरले आणि काहीतरी बिनसलंय हे दिसलं. ज्यांना शांत झोप लागते, भूक लागते, कशाची काळजी नाही, त्यांनीच सहाव्या प्रश्नावर ‘नेहमी’ अशी खूण केली होती. मीच चुकीचं टाइप केलं असणार म्हणून बत्तीसच्या बत्तीस कागद पुन्हा ताडून पाहिले. टाइप बरोबर होतं. शेवटी बुधवारचा कार्यक्रम चालवणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकूंना फोन लावला.

"काकू, सहाव्या प्रश्नाला तुम्ही ‘नेहमी’ लिहिलंय."

"हो. का गं, चुकलं?"

"यात चूक-बरोबर नसतं. पण कोणी काही बोललं तर तुम्हाला लागतं का?"

"मला? सासूचं लागलं नाही, आता कोणाचं लागणार?"

"मग मनावर काय घेता?"

"अगं, हा हॉल कोणी मिळवला? कौन्सिलला सात पत्रं लिहिली मी. मी मनावर घेतलं म्हणून झालं. बाकीचे काय, चहाला येतात."

फोन ठेवला आणि मी एकटीच हसत सुटले. काकू कामाचं मनावर घेत होत्या, आणि मी विचारत होते टोमण्यांचं. मुलीला दोष देण्यात अर्थ नव्हता. तिचं मराठी माझ्याच तोंडून आलेलं. लहानपणापासून मी तिला एकच सांगत आले, मनावर घेऊ नकोस.

"मनावर घेणं चांगला पण असतो, हे तू कधी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"चांगलं असतं. आणि अभ्यासाचं मनावर घे म्हणायची वेळ तू आणली नाहीस, त्याला मी काय करू?"

माझ्या मार्गदर्शक बाई माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्या म्हणाल्या, प्रश्न गाळून तसं लिहिता येईल, किंवा विद्यापीठाच्या नीतिसमितीची नव्याने परवानगी काढून सर्वांना पुन्हा विचारता येईल. मुदतीला पाच आठवडे होते.

"गाळून टाक ना," नवरा म्हणाला. "पास तर होशील."

"बोलणं लागणं आणि काळजी यांचा संबंध, हाच तर सगळा प्रबंध आहे. तोच प्रश्न काढला तर उरलं काय?"

"आणि वेळेत नाही झालं तर?"

"तर नापास," मी म्हटलं आणि परवानगीचा फॉर्म उघडला.

परवानगीला अकरा दिवस लागले. नवा प्रश्न असा: "कोणी काही बोललं तर तुम्ही ते किती मनाला लावून घेता?" या वेळी मुलीबरोबरच पुण्याहून नुकत्याच आलेल्या शेजारणीकडूनही उलट भाषांतर करून घेतलं. मग बुधवारी हॉलमध्ये एकेकाला बाजूला बसवून विचारलं. काकूंनी ‘कधीच नाही’वर खूण केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आणि ते पहिलंही राहू दे गं. तेही खरंच आहे."

मी ते राहू दिलं. त्या एका शब्दप्रयोगावर प्रबंधात तीन पानं लिहिली, माझी चूक आणि ती कशी सापडली, यासकट. नवे आकडे बाकीच्यांच्या ओळीत नीट बसले, तेव्हा मी उठून स्वतःसाठी आल्याचा चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायले. प्रबंध दोन दिवस आधी गेला. मार्क अडुसष्ट. परीक्षकांना ती तीन पानंच सर्वांत आवडली. ट्रेनीच्या जागेचा अर्ज मी त्याच आठवड्यात पाठवला.

दुसऱ्यांदा विचारण्याबद्दल प्रत्येकाला पाच पौंड द्यायचे, असं मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, घरच्यांकडून कसले पैसे घ्यायचे? मी म्हटलं, काकू, हे मी लिहून दिलंय, आता घ्यावेच लागतील. बत्तीसपैकी एक आजोबा भारतात गेले होते, त्यांना पुन्हा विचारता आलं नाही. उरलेल्या एकतीस जणांना प्रत्येकी पाच, एकूण एकशे पंचावन्न पौंड, सही घेऊन पोचते केले.