थोरल्यांची पाण्याची गोळी

१८ ऑक्टोबर, मंगळवार. हवा कोरडी, ऊन सोसवेल इतकं. नाश्त्याला पाव, उकडलेली अंडी, चहा पातळ. दिवसभर बस. दुपारी धबधबा पाहिला, पाणी बेताचंच. मुक्कामाची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, चादरी स्वच्छ. उद्या लवकर निघून डोंगरावरच्या तळ्याला जायचं आहे. जाऊबाईंनी माझी उशीही मागून घेतली. त्यांची पाण्याची बाटली सकाळी भरून दिली होती, संध्याकाळीही तेवढीच भरलेली.

शेवटचं वाक्य लिहून झालं आणि धाकट्या जावेचं पेन कागदावरच थांबलं. शाळेतल्या नन्सनी तिला लहानपणीच रोजनिशीची सवय लावली होती. जे झालं ते लिहायचं, जे वाटलं ते देवाला सांगायचं. नवरा गेला त्या दिवसाच्या पानावरसुद्धा आधी हवेची नोंद आहे.

समोर पलंगाच्या कडेला बसून थोरल्या जाऊबाई चपलेचा पट्टा सोडवत होत्या. पट्टा निघाला, पण मळलेल्या पिठात दोरी रुतावी तसा त्याचा वळ पायावर राहिला.

"जाऊबाई, पाय सुजलेत तुमचे."

"बसून बसून सुजलेत. तुझ्यासारखे काटकुळे असते तर सुजायला जागा तरी मिळाली असती का?"

"आणि पाणी का नाही प्यायलात?"

"आली सिस्टरांची तपासणी! माझे घोट मोजतेस काय गं?"

धाकटीला त्या गेली चाळीस वर्षं 'सिस्टर' म्हणत आल्या होत्या, कॉन्व्हेंटच्या शाळेवरून. घरातली मुलं मात्र पाठीमागे थोरल्यांनाच 'ट्रंककॉल' म्हणायची, कारण शेजारच्या खोलीतल्या माणसाशीही त्या परगावी फोन लागल्यासारख्या बोलत. त्याला कारणही तसंच होतं. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आणि निवृत्त होईपर्यंत ऑपरेटरच राहिल्या. हेडफोनच्या पट्टीनं डोक्यावरचे केस कायमचे दबलेले. गावात कुणाला मूल झालं, कुणाचं लग्न मोडलं, कोण शेवटच्या घटका मोजतंय, सगळं आधी त्यांच्या कानावरून जायचं. पण या कानाचं त्या कानाला कधी कळलं नाही.

फोन जोडायच्या बोर्डाचा नियम कडक होता. उठायचं असलं तर हात वर करायचा आणि बदलीची बाई येईपर्यंत जागचं हलायचं नाही. हात वर झाला की सुपरवायझरबाई साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "आत्ताच तर जाऊन आलीस ना?" रांगेतल्या बायका माना खाली घालून हसायच्या. नव्या असताना थोरल्यांनी हे काही वेळा ऐकून घेतलं आणि मग आपला उपाय काढला. ड्यूटीवर पाणीच प्यायचं नाही. पोटात मूल होतं तेव्हासुद्धा त्यांनी तो नेम मोडला नाही. एकदा गिरणीला आग लागली आणि रस्ते अडल्यामुळे बदलीची बाई येऊच शकली नाही. थोरल्या दिवसभर बोर्डावर बसून होत्या. बंब, दवाखाने, कामगारांच्या घरचे, सगळ्यांना जोडून देत होत्या. खात्यानं त्याबद्दल दिलेलं चौकटीतलं प्रशस्तिपत्र अजून त्यांच्या खोलीत आहे. घरात कुणी दुखण्याखुपण्याची कुरकुर केली की त्या एवढंच म्हणत, "मी बोर्ड सोडला नाही कधी." आणि धाकटीला त्यांचं फार कौतुक वाटे.

हृदयाचं दुखणं मागच्या वर्षी निघालं. रोजच्या गोळ्यांमध्ये एक छोटी पांढरी गोळी होती, अंगात साठणारं पाणी लघवीवाटे काढून टाकणारी. घरात तिला पाण्याची गोळी म्हणायचे. ती घेतली की सकाळभर सारखं जावं लागे, म्हणून थोरल्या दुपारपर्यंत घराचा उंबरा ओलांडत नसत.

त्यांचा मुलगा या सहलीला नकोच म्हणत होता. "काही झालं तर तिथे कुठे धावायचं?" थोरल्यांनी त्याला एका वाक्यात गप्प केलं. "आयुष्यभर लोकांना गावोगाव जोडून दिलं रे, एक गाव मला स्वतः बघू दे." डॉक्टरांनी परवानगी दिली, पण एकही गोळी चुकवायची नाही या अटीवर. धाकटीनं वारांच्या कप्प्यांची डबी आणून त्यात गोळ्या भरल्या. रोज सकाळी ती कप्पा उघडून थोरल्यांच्या हातावर गोळ्या ठेवी आणि पाणी पुढे करी. यापेक्षा जास्त काय करायचं?

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिला जाग आली तेव्हा थोरल्या पलंगावर नव्हत्या. खिडकीजवळच्या खुर्चीत स्वेटर घालून बसल्या होत्या. दोन्ही उशा पाठीशी.

"झोप नाही लागली?"

"लागली की. बसून लागली." मध्येच त्यांनी श्वास घेतला. "बोर्डावर काय, पलंग असायचा?"

"आडवं झाल्यावर धाप लागते ना?"

"माझा चष्मा दे बघू. आणि तोंडाचा पट्टा बंद कर."

धाकटीनं टेबलावरची चष्म्याची डबी उचलली. चष्मा काढला आणि खाली पुसायच्या फडक्यात काहीतरी खुळखुळलं. फडकं उलगडलं तर आत त्या छोट्या पांढऱ्या गोळ्या, निघाल्यापासूनच्या सगळ्या. बाकीच्या गोळ्या थोरल्यांनी गिळल्या होत्या. ही तेवढी दर सकाळी हातातच राहिली होती.

धाकटीनं फडकं तसंच उघडं थोरल्यांच्या मांडीवर ठेवलं.

"असं बघू नकोस," थोरल्या म्हणाल्या. "ती गोळी घेऊन बसमध्ये बसायचं म्हणजे काय, माहीत आहे तुला? दर थोड्या वेळानं उठायचं, एवढ्या पुरुष माणसांपुढून जाऊन ड्रायव्हरला सांगायचं, गाडी थांबवा. सगळे माना वळवून बघणार. त्यापेक्षा घरी गेल्यावर घेईन, असा विचार केला. चार दिवसांनी काय होतंय?"

"हे झालंय." धाकटीनं पायांकडे बोट केलं. "आज वर जायचं नाही. मी टूरवाल्यांना सांगते, डॉक्टर बघू."

थोरल्यांनी तिचं मनगट धरलं. आवाज एकदम खाली आला, आणि थोरल्यांचा आवाज खाली येणं म्हणजे नवलच. "नको गं. टूरवाले पोराला फोन करतील. एकदा त्याला कळलं ना, की ही माझी शेवटची सहल. मग त्या खोलीत बसायचं आणि ते प्रशस्तिपत्र बघायचं. बघ, आत्ता घेते गोळी. तुझ्यासमोर घेते." त्यांनी घेतली, आणि लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवलं.

धाकटीचं मन द्रवलं. गोळी पोटात गेली आहे, आता उतार पडेल, असा हिशेब तिनं केला. तो हिशेब चुकीचा होता.

बस चढणीला लागली. टूरवाले, एक पोक्त, बोलघेवडे गृहस्थ, माईकवर तळ्याचं वर्णन करत होते. धाकटीचं लक्ष शेजारी होतं. गोळीनं आपलं काम सुरू केलं होतं. थोरल्यांनी पर्सचा बंद मुठीत आवळला होता, नजर समोरच्या सीटच्या पाठीवर, कपाळावर घाम. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"सांगू का?" धाकटीनं कुजबुजून विचारलं.

"माझं नाव घेतलंस तर बघ."

धाकटीच्या शाळेत बोट वर करून 'बाहेर जाऊ का?' एवढंच म्हणायची मुभा होती, का जायचं ते जिभेवर आणायचं नाही. उभ्या आयुष्यात तिनं ते परक्या माणसासमोर आणलं नव्हतं. ती उठली, सीट धरत धरत पुढे गेली आणि टूरवाल्यांच्या माईकसमोरच म्हणाली, "गाडी थांबवा. मला लघवीला जायचंय."

वाक्य माईकमधून साऱ्या बसभर फिरलं.  मग मागून एक बाई म्हणाली, "मलाही!" आणि आणखी एक, "देवासारख्या धावून आलात हो, मी तर कधीची नखं चावत बसलेय." रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीमागे सोय होती. बस थांबली तेव्हा निम्म्याहून जास्त बायका उतरल्या. त्या गर्दीत थोरल्याही उतरल्या. त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

परत येताना मात्र त्या बसच्या पहिल्या पायरीशी थांबल्या. हात दांडीवर होता, पाय उचलेना. त्या तिथेच पायरीवर बसल्या. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. श्वास आत जाताना बारीक शिटीसारखा आवाज येत होता.

"आजी, वर पोहोचलो की छान विश्रांती घ्या," टूरवाले म्हणाले. "हवा इतकी शुद्ध आहे..."

"वर नाही," धाकटी म्हणाली. "खाली. दवाखान्यात. आणि आत्ता."

"अहो, पण बाकीच्यांचं तळं..."

"तळं कुठे पळून जात नाही. यांचं हृदय दुबळं आहे. गोळ्या चुकल्या आहेत, अंगात पाणी साठलंय. मला सकाळपासून माहीत आहे."

थोरल्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण काहीतरी हातातून सुटल्यासारखं होतं. ड्रायव्हरनं कुणाला विचारलं नाही. टपरीवाल्याला दवाखान्याची वाट विचारून घेतली आणि बस वळवायला लागला.

दवाखाना लहान होता, फिनेलचा वास आणि निळे पडदे. थोरल्यांना नळीतून प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, घोट्यावर बोट दाबून पाहिलं. खड्डा पडला तो भरून येईना.

"गोळी बंद करायला कुणी सांगितलं?"

"बसनं," थोरल्या नळीआडून म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "सीझनमध्ये अशा किती बायका येतात माझ्याकडे! कुणी गोळी सोडते, कुणी पाणी सोडते. कारण एकच. गोळीची वेळ बदलून मागा, डॉक्टर देतील. गाडी थांबवून घ्या, दर थोड्या वेळानं उतरून पाय मोकळे करा. पण अंगाला फसवू नका." मग धाकटीला बाहेर नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही वर पोहोचला असता तर खाली आणायला वेळ मिळाला नसता. आणि आता उंचावर नाही. कधीच नाही."

धाकटी आत येऊन बसली.  नळीतून वारा वाहिल्याचा आवाज तेवढा येत होता.

"पोराला फोन केलास?"

"केला."

थोरल्यांनी डोळे मिटले. पापणीखालून एक थेंब कानाकडे ओघळला, ज्या कानावर इतकी वर्षं हेडफोन होता त्याच कानाकडे. धाकटीनं तो पुसला नाही. हात फक्त हातावर ठेवला. काही वेळानं थोरल्यांनी तो उलटा करून धरला.

मुलगा आपली गाडी घेऊन आला. चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी सोडलं. त्यानं बिल भागवलं, औषधं घेतली, आईला आधार देऊन मागच्या सीटवर बसवलं. आवाज चढवला नाही. ते थोरल्यांना जास्त लागलं. गाडी सुरू झाल्यावर तो आरशात पाहत म्हणाला, "आई, झालं आता फिरणं. माझ्याच्यानं पुन्हा असा फोन घेववणार नाही."

थोरल्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

सकाळची गोळी घेतलेली होती. गाव मागे पडलं आणि धाकटीला पर्सचा बंद आवळलेला दिसला. तीच मूठ, तोच घाम. आता पुन्हा आपण म्हणावं, म्हणून तिनं तोंड उघडलं. पण थोरल्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं. मग तोच हात त्यांनी वर केला, ताठ, खांद्याच्या वर, बोर्डावर करत तसा.

"थांबव रे. मला जायचंय."

"आई, आत्ताच तर निघालो ना?"

 थोरल्यांचा हात खाली आला नाही.

"हो. आत्ताच निघालो. तरी थांबव."

आवाज तोच होता, परगावी फोन लावतानाचा. मुलानं दचकून ब्रेक दाबला.

पुढे त्यांनी आणखी दोनदा हात वर केला. त्यानंतर पेट्रोल पंप दिसला की मुलगा न विचारताच गाडी बाजूला घेऊ लागला. एका पंपावर थोरल्या दोन पावलं जास्त चालून आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. धाप होती, पण ओठ नेहमीच्या रंगाचे होते.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "समुद्र काही उंचावर नसतो ना गं?"

मुलानं टाकीचं झाकण लावता लावता वर पाहिलं. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. विचारलं एवढंच, "तिथे जायला किती ठिकाणी थांबावं लागेल?"

"लागेल तितक्या," धाकटी म्हणाली.

घरी पोहोचायला अंधारून आलं. थोरल्यांना आपल्या खोलीत निजवून, उशाशी पाणी ठेवून, धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसली. हवा, रस्ता, थांबे, डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्यांची नवी वेळ, सगळं ओळीनं लिहिलं. मग शेवटची ओळ: फ्रीजमधलं दूध नासलं होतं, ओतून टाकलं, पाण्याच्या दोन्ही रिकाम्या बाटल्या धुऊन उपड्या घातल्या.