तिच्या पिशवीत माजी फुंकर

आमच्या पालघरकडल्या माहीमला लाईन कसलीबी असो, घरातलं एकच माणूस उभं राहतं. बायका पहाटेच मासळीची टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात जातात, मंग लाईनीत कोण? मी. शाळेत नाय टिकलो, लाईनीत टिकलो.

चार महिन्यांमागं गावात किडनीची तपासणी आली. सुई नाय, रक्त नाय. प्लास्टिकच्या पिशवीत फुंकायचं, पिशवी डब्याएवढ्या मशीनला लावायची. मशीन श्वासाचा वास घेऊन सांगणार, हिरवा की लाल. लाल आला तर रक्त तपासायला पालघरला जायचं. नर्सबाई म्हणाली, "लोकांच्या फुंकरांवरून मशीन शिकलंय. अजूनबी शिकतंय."

"म्हणजे गावात माज्यापेक्षा शिकलेलं एक आलं," मी म्हटलं. सगळे हसले. मला तेवढंच लागतं.

खरं तर मी गेलेलो बायकोसाठी. तिचे पाय सांजेला सुजायचे, बोट दाबलं की खड्डा पडायचा. सकाळी तोंड फुगलेलं. माजी फुंकर हिरवी आली. नर्सबाईनं तिच्यासाठी वेगळी पिशवी दिली, "काका, घरी फुंकून घ्या, तासाभरात आणा."

बायको बोईसरला. तासाभरात कुठून येणार? मी जाळ्यांच्या ढिगामागं बसलो आणि तिच्या नावाच्या पिशवीत मीच फुंकलो. तिचं रेशन मी आणतो, तर तिची फुंकर का नाय? एवढीच माजी अक्कल.

तीबी हिरवी आली. येणारच ना!

बायकोनं तो कागद देवाच्या फोटोमागं ठेवला. मंग पाय कितीबी सुजू देत, दवाखान्याचं नाव काढलं की, "कागद हिरवा हाय. धंदा सोडून कुठं जाऊ?" रोज तेच. रोज मी फोटोकडं बघायचो. शेवटी एक दिवस बोललो, "अगं, ती फुंकर माजी व्हती."

ती पोट धरून हसली. शेजारणीला हाक मारून सांगितलं, "ऐक गं, आता म्हणतात माजी फुंकरबी ह्यांनीच मारली!"

"आईशपथ खरं सांगतो."

"मागल्या टायमाला चपलेत पापलेट सापडला, तवाबी आईशपथच व्हती."

जन्मभर हसवायला खोटं बोललो, तेव्हा लोकांनी खरं मानलं. एकदा खरं बोललो, तर हसतात. असा वैताग आला, स्वताच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

नर्सबाईची तपासणी आता बोईसरजवळच्या सरावली गावात लागली हाय, असं कळलं. गेलो, सगळं सांगितलं. ती हसली नाय.

"काका, तुमी मशीनलाबी चुकीचं शिकवलंत. आणि चार महिने गेले."

"दुसरी पिशवी द्या."

"पिशवी नाय देणार. बाई कुठं हाय ते दाखवा."

दुपारी ती मशीन घेऊन माज्या मागनं बाजारात आली. बायको गिऱ्हाइकाशी हसत कोयतीवर सुरमई कापत व्हती. नर्सबाईला बघून तिचं हसणं थांबलं. हात पुसून तिनं पिशवीत फुंकलं. समोर बसलेल्या भाजीवाल्यानं विचारलं, "क्या हुआ मौसी?" लाल दिवा लागला.

नर्सबाई म्हणाली, "लाल म्हणजे रोग पक्का असं नाय. पण रक्त आता तपासायचंच."

बायको माज्याकडं बघत म्हणाली, "बोला की काहीतरी. नेहमी बोलता."

एकबी जोक सुचला नाय मला.

दुसऱ्या दिवशी पालघरला गेलो. रक्ताच्या खिडकीपाशी लाईन. मी सवयीनं पुढं जाऊन उभा राहिलो. आतून विचारलं, "पेशंट कोण?" आणि माजा हात आपोआप वर गेला.

बायकोनं तो धरून खाली ओढला. "सरका," ती म्हणाली, "ह्या लाईनीत मी उभी राहते."

तिचे पाय चपलेत मावत नव्हते. मी तिची चपल हातात घेऊन मागं उभा राहिलो.