तिसऱ्याला द्यायचं मत

मी कुंभार पिंपळगावात बारावीला राज्यशास्त्र शिकवायचो. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा तास आला की मला चेवच चढायचा. दोन मोठे पक्ष आणि कडेला उभा असलेला तिसरा उमेदवार. तो निवडून येत नाही, पण त्याची मागणी लोकांना पटली की मोठ्यांना ती उचलावीच लागते, हे मी घसा फोडून सांगायचो. अमेरिका मी फक्त नकाशात पाहिलेली.

पोरांपेक्षा हे सगळं मन लावून ऐकायचा तो माझा शाळेपासूनचा मित्र. ओढ्यापलीकडच्या गावात त्याची शेती होती. बाजाराच्या दिवशी घरी आला की चहा पिता पिता विचारायचा, "मंग त्या तिसऱ्याचं काय झालं?"

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि हा पठ्ठ्या अपक्ष म्हणून अर्ज भरून आला. मागणी एकच, ओढ्यावर पूल.

"अरे, पडशील ना!" मी म्हणालो.

"पडणारच हाय. तिसऱ्याचं काम काय असतं ते तूच तर शिकवलं. फक्त तुझं मत दे. तुझ्या गावात माझं दुसरं कुणीच न्हाई."

"दिलं समज," मी म्हणालो.

मतदानाला मशीनसमोर उभा राहिलो आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. दोघांत चुरस आहे, तिसऱ्याला दिलेलं मत वाया जाईल, उलट नको तो माणूस निवडून येईल. हेही त्याच अमेरिकेच्या धड्यातलं. मी दुसरंच बटण दाबलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मतदान गुप्त असतं, कुणाला कळतंय, असंही मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू?

मतं बूथवार मोजली जातात, एवढं राज्यशास्त्राच्या मास्तरला आठवलं नाही. आमच्या गावच्या बूथवर त्याच्या नावापुढे शून्य होतं.

पुढच्या बाजाराला तो नेहमीसारखा आला, चहा प्यायला, पीकपाण्याचं बोलला. बूथचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. अमेरिकेचं मात्र त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

निवडून आलेल्याने पुलाची मागणी उचलली. म्हणजे मी शिकवायचो ते खरं होतं. पूल पुरा व्हायच्या आधीच मित्र हार्ट अटॅकने गेला. रडायलाही मला लाज वाटली.

दहाव्याला गेलो. त्याची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काका, त्या निवडणुकीत तुमच्या गावचं मशीन खराब होतं ना? आम्ही घरात तुमच्यावर लई चिडल्तो. बाबा म्हणले, त्यानं मत दिलंय, मशीनच बराबर न्हवतं."

"हो," मी म्हणालो, "मशीनच खराब होतं."