ज्या माळाला मी ‘ओसाड’ म्हटलं

मंगळवारी सकाळी पाथर्डीच्या पुढच्या एका गावात, मारुतीच्या देवळासमोर मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते... ग्रामसभा दहाची. साडेअकरा वाजले तरी कोरम नाही. मला तसंही एका जागी बसवत नाही, आई म्हणते तुझ्या पायाला भिंगरी आहे.

थोडक्यात सांगते. मी नगरच्या केडगावची. एमआयडीसीतली नोकरी सोडून शूटिंगसाठी जागा शोधून द्यायचं काम करते, आणि हे माझं पहिलंच मोठं काम. एका परदेशी सिनेमाला उघडे डोंगर आणि मोकळा माळ हवा होता... गोष्ट भलत्याच देशातली, शूटिंग मात्र आपल्याकडे.

परदेशी कंपनीने इथे शूटिंग केलं की खर्चातला काही भाग आपलं सरकार परत देतं. त्यामुळे हल्ली ही मंडळी इकडे बघायला लागलीत. पण अशी सवलत इतर देशही देतात ना! हे काम मला ज्यांनी दिलं ते मुंबईचे सर सकाळपासून तीनदा फोन करून तेच ऐकवत होते.

माळ म्हणजे गावाचं गायरान. ग्रामसभेचं ना-हरकत पत्र पाचच्या आत मेल झालं नाही, तर टीम सरळ दुसऱ्या देशात जाणार. जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी बाराला सभा सुरू झाली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी माझा अर्ज खणखणीत आवाजात वाचला, “सदर माळ ओसाड व निर्मनुष्य असल्याने चित्रीकरणास अत्यंत योग्य आहे...” इंग्रजी फॉर्ममधले शब्द मीच मराठीत आणले होते. खरं सांगू? भाषा कशी झोकात जमलीय म्हणून स्वतःवर जाम खूश होते.

मला वाटलं, चला, झालं काम!

मग खांबाला टेकून बसलेल्या एक बाई उठल्या. मंदामावशी. पन्नाशीच्या, काटक, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तो सोडला आणि थेट मला विचारलं, “वसाड कुनाला म्हन्ती गं?”

मी सावरायला गेले, “गावाला नाही हो मावशी, माळाला...”

“माळाच्या कडंलाच माझं घर हाय. तुज्या फोटूत आलंय का न्हाई?”

आलं होतं. दाराला कुलूप असलेलं. आम्ही जानेवारीत जागा बघायला आलो तेव्हा आख्खी वस्ती ऊसतोडीला गेलेली. परदेशी दिग्दर्शकाने ओळीने कुलपं बघितली आणि हरखून ‘नोबडी!’ म्हणाला... आणि मी बावळटासारखी मान डोलावली.

मी नगरची आहे हो! दर दिवाळीनंतर तोडीवाल्यांचे ट्रॅक्टर माझ्या डोळ्यांदेखत जातात. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

“सा म्हैने तोडीला जातो म्हून आमी काय मेलो व्हय?” मावशी म्हणाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, देऊच नका पत्र! सगळे एकदम बोलायला लागले. घड्याळात दीड वाजला होता.

मी उभी राहून माफी मागितली. म्हटलं, चुकलं माझं, आत्ता बदलते. तशी मावशी जरा निवळल्या. “सिनेमात कंचा बी मुलूख दाखवा. चंद्र दाखवा. पर कागदावर आमी हाय असं लिवा.”

देवळाच्या पायरीवर बसून मी हाताने नवा अर्ज लिहिला. माळ गुरं-शेळ्या चारण्याचा, कडेला वस्ती, वस्तीत माणसं. भाऊसाहेब सांगत गेले तसं एकेका घराचं नाव.

मग मावशींनीच विचारलं, शूटिंग कवा? मी म्हटलं, दिवाळीनंतर. तेव्हा तर घरांना परत कुलपंच असणार! गावातच काम मिळालं तर वस्ती थांबेल, म्हणून ठरावात एक ओळ वाढली. सेट उभारणी, जेवण, राखण, जे काम निघेल ते आधी या वस्तीला.

चार वाजता सह्या, शिक्के झाले आणि मोबाईलची रेंज नेमकी गेलेली! कागद छातीशी धरून त्याच माळावर धावत चढले. पाचला दहा कमी असताना मेल गेला एकदाचा.

लगेच सरांचा फोन. ‘निर्मनुष्य’ का काढलं, परदेशी टीमला तेच तर हवं होतं, आणि ही कामाची अट कुणाला विचारून घातली? मी म्हटलं, सर, माणसं आहेत तिथे, खोटं कसं लिहू? फोन कट.

आज शुक्रवार. उत्तर नाही. दर पाच मिनिटांनी मेल उघडतेय, चहा दोनदा उतू गेला.

सकाळी मावशींनी मुलीच्या मोबाईलवरून फोन केला होता. ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम रविवारी येणार, त्याला येतो म्हणून शब्द द्यावा लागतो. एकदा दिला की दिवाळीनंतर गाव सोडायचंच. मी ओशाळून सांगितलं, मावशी, अजून काहीच कळलं नाही हो...

“आसू दी. त्याला म्हन्ते, थांब जरा. आजवर आमी त्याची वाट बघितली, औंदा त्यो बघंल.”

फोन ठेवला आणि मला रडूच आलं. माझ्या एका कागदाच्या भरवशावर ही बाई मुकादमाला थांब म्हणणार आहे... मावशी, एवढा विश्वास टाकलात, मनापासून आभार. मी काही गप्प बसणार नाही. रविवारच्या आत हो किंवा नाही, काय ते सरांकडून वदवून घेते आणि स्वतः येऊन तुम्हाला सांगते.