वीतभर अरुंद टेबल

सुतारमिस्त्रींच्या मुलीने बऱ्या पगाराची नोकरी सोडून वडिलांच्या शेडमध्ये रंधा हातात घेतला, तेव्हा घरात दोन महिने अबोला होता. नंतर मिस्त्री नरमले, पण अर्धेच. पॉलिश कर, खिळे उपट, गिऱ्हाइकांशी गोड बोल. लाकडाला करवत मात्र त्यांचीच लागायची. तीन वर्षं हेच चाललं. शेवटी आई मध्ये पडली आणि तोडगा निघाला: एक काम मुलीने एकटीने करायचं. जमलं तर पुढची कामं तिची. फसलं तर परत पॉलिशचा बोळा धरायचा आणि हूं की चूं करायचं नाही.

काम आलं ते औषधवाल्या काकांचं. चाळीस वर्षं चालवलेलं दुकान त्यांनी बंद केलं होतं आणि काउंटरची रुंद, जाड फळी तेवढी सांभाळून आणली होती. तिचं दोघांपुरतं जेवायचं टेबल हवं होतं.

जुन्या लाकडात काय दडलंय ते आधी शोधायचं, हा शेडमधला पहिला धडा. मुलीने फळीवर इंचाइंचाने लोहचुंबक फिरवला, अकरा खिळे काढले आणि निर्धास्त होऊन रंध्याचं मशीन लावलं. कडेशी येताच कर्कश आवाज झाला, पात्याचा तुकडा उडाला आणि फळीला लांबलचक चीर गेली. काउंटरच्या कडेला कधीकाळी पितळी पट्टी होती. तिचे मोडके स्क्रू आतच राहिले होते, वर रंगाचे थर. पितळेला चुंबक कुठला चिकटायला?

मिस्त्रींनी चिरेवरून अंगठा फिरवला. ओरडले असते तर परवडलं असतं. ते नुसतेच चहा प्यायला निघून गेले.

सरस आणि भुसा भरून वर पॉलिश मारलं असतं, तर काकांना वर्षभर तरी पत्ता लागला नसता. तिचा हात तिकडे वळलाही. पण दोन म्हातारी माणसं रोज त्यावर विश्वासाने ताट ठेवणार, या विचाराने तिचीच तिला लाज वाटली. तिने फोन लावला.

"काका, चूक माझी आहे. वीतभर लाकूड कापावं लागेल. टेबल अरुंद होईल, नाहीतर दुसऱ्या लाकडाचा जोड देते."

"जोड नको," काका म्हणाले. आवाज पडलेला होता. "अरुंद तर अरुंद."

पुढचे आठ दिवस तिने जीव ओतला. टेबल पोचवताना दुसरी बाजू मिस्त्रींनी धरली. काकूंनी लगेच खुर्ची ओढली, काका समोर बसले. गुडघ्याला गुडघा लागत होता.

"झालंय झकास," काका हळूच मुलीला म्हणाले. "पण हिला विचारू नकोस. हिला काही पसंत पडत नाही, आणि ऐकूही येत नाही."

"इतक्या जवळून येतं," काकू म्हणाल्या. "आधीच्या टेबलावर काय काय बोलून घेतलंत, देव जाणे."

काका ओशाळले आणि मग दोघंही हसत सुटली. मुलीला किती हलकं वाटलं म्हणून सांगावं.

जिना उतरताना मिस्त्री मधल्याच पायरीवर थांबले.

"पितळेने माझीही पाती खाल्लीत. दोनदा," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मी सरस भरून मोकळा झालो. फोन नाही केला कुणाला."

तीही वरच्या पायरीवर थांबली.

"सोमवारी बेकरीवाल्याचे जुने दरवाजे बघायचेत. तू जा."

"तुम्ही येणार ना, बाबा?"

"काम तुझं आहे," मिस्त्री म्हणाले, "मी कशाला येऊ?"